स्पर्धक उत्पादकांची भागीदारी : अंबरनाथचा आगकाडी उद्योग

एकाच प्रकारच्या वस्तूचे उत्पादन करणाऱ्या व एकाच बाजारपेठेत परस्परांशी चढाओढ करणाऱ्या दोन वा अधिक उत्पादकांनी काही ठराविक बाबींपुरते अथवा सर्वस्वी एकत्र येणे, ह्यास स्पर्धक उत्पादकांची भागीदारी म्हणतात. तिचे स्वरूप अनेक प्रकारचे असते. किंमत वा बाजारपेठ आपसांत वाटून घेणारा उत्पादकसंघ (कार्टेल), भांडवल एकत्र करून स्थापिलेला न्यास वा संयुक्त कंपनी, कच्चा माल, प्रमाणके किंवा सांडपाणी ह्यांपुरतेच केलेले मर्यादित सहकार्य, तसेच मोठ्या उत्पादकाने लहान उत्पादकाचा माल विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकणे, हे तिचे प्रमुख प्रकार होत. अशी भागीदारी इष्ट की अनिष्ट, हा प्रश्न अलीकडे व्हिडिओ खेळांच्या यंत्रांचे उत्पादन करणाऱ्या जपानी व अमेरिकन कंपन्यांच्या संदर्भात वारंवार चर्चिला जातो. तथापि महाराष्ट्रात हा प्रश्न त्याआधी सु. शंभर वर्षे एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या, म्हणजे आगकाडीच्या, निमित्ताने उभा राहिला होता. त्याचे एक केंद्र ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ हे होते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नगरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर एकापुढे एक वसली आहेत. मुंबईपासून अंबरनाथ लोहमार्गाने सु. ६० किमी., तर बदलापूर सु. ६८ किमी. अंतरावर आहे. अंबरनाथची जुनी ख्याती शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे असून तेथील शिलालेखात शके ९८२ (इ. स. १०६०) असा काळ दिला आहे. वालधुनी नदीच्या काठचे हे मंदिर पाहण्यास येणारा प्रवासी नंतरच्या काळात धुराड्यांच्या रांगेतून वाट काढत येऊ लागला. रेल्वेचे सान्निध्य, मुबलक पाणी, मुंबई बंदराशी थेट संबंध आणि शहराच्या मानाने स्वस्त जमीन ह्या चार गोष्टींमुळे पहिल्या महायुद्धानंतर येथे कारखाने येऊ लागले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा गंधकाम्ल व खते बनविणारा कारखाना त्यांपैकी आरंभीचा होय. उल्हासनगर हे नगर त्या मानाने अर्वाचीन आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण येथील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. बदलापूरचा औद्योगिक भाग त्याहूनही नंतरचा.

आगकाडी आज इतकी स्वस्त व परिचित आहे, की तिच्यासाठी राज्ये कर्जबाजारी झाली आणि एक उद्योगपती जगातील सर्वांत श्रीमंत पुरुषांत गणला गेला, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. घर्षणाने पेटणारी काडी जॉन वॉकर ह्या इंग्रज औषधविक्रेत्याने १८२७ च्या सुमारास विक्रीस आणली. तिच्यापुढची पायरी म्हणजे पेटीच्या कडेवर घासल्यावाचून न पेटणारी ‘सुरक्षित’ काडी. हिचे तत्त्व गुस्ताव्ह एरिक पाश ह्या स्वीडिश रसायनज्ञाने १८४४ मध्ये मांडले. ह्या काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, सरस व काचेची पूड असते, तर तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेवरील लेपात असतो. दोन्ही एकत्र आल्याखेरीज ज्वाला निर्माण होत नाही. स्वीडनमधील यॉनशपिंग येथील लुंडस्ट्रम बंधूंनी ह्या काडीचे उत्पादन यशस्वी केले आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगापुढे आली. पांढऱ्या फॉस्फरसच्या जुन्या काड्या बनविणाऱ्या कामगारांचे जबडे कुजत. १९०६ च्या बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये त्या काड्यांवर बंदी घालण्याचे ठरले आणि भारतातही १९१३ च्या कायद्याने त्या निषिद्ध ठरल्या. परिणामी सुरक्षित काडी व ती बनविणारी यंत्रे ज्यांच्या हाती होती, त्या स्वीडिश कारखानदारांचे महत्त्व वाढले.

स्वीडनमध्ये ह्या उद्योगाचे एकत्रीकरण दोन टप्प्यांत झाले. १९०३ मध्ये यॉनशपिंग व व्हल्कन ह्या नावांभोवती मोठे कारखाने एकत्र आले. बाहेर राहिलेल्या लहान कारखान्यांना ईव्हार क्रूगर (१८८०–१९३२) ह्या अभियंत्याने १९१३ मध्ये दुसऱ्या कंपनीत गुंफले. ही दोन गोत्रे चार वर्षे एकमेकांशी झुंजली. पहिल्या महायुद्धात क्लोरेट व फॉस्फरस दुर्मिळ झाले, तेव्हा क्रूगरने काड्यांची किंमत उतरविण्याऐवजी कच्च्या मालाचे कारखाने हस्तगत केले. मोठा प्रतिस्पर्धी अडचणीत आला आणि १९१७ मध्ये दोघे मिळून स्वीडिश मॅच कंपनी जन्मास आली. कागदोपत्री हे दोन समतुल्य स्पर्धकांचे मीलन होते. प्रत्यक्षात ज्याच्या हाती रसायनांचा पुरवठा होता, त्याने अटी सांगितल्या व दुसऱ्याने त्या मान्य केल्या. भागीदारीच्या चर्चेत भांडवलाच्या वाट्याकडेच सर्वांचे लक्ष असते; पण वाट्याहून पुरवठ्याची किल्ली अधिक बोलते, हे ह्या उदाहरणात स्पष्ट दिसते.

पुढील पंधरा वर्षांत क्रूगरने हीच रीत जगभर वापरली. युद्धाने रिकामी झालेली सरकारे कर्जासाठी दारोदार फिरत होती. क्रूगर त्यांना कर्ज देई व बदल्यात त्या देशातील आगकाड्यांचा एकाधिकार घेई. पोलंड (१९२५), ग्रीस (१९२६), हंगेरी (१९२८) इ. देशांशी त्याने असे करार केले. १९२७ मध्ये त्याने फ्रान्सला ७.५ कोटी डॉलर आणि १९२९ मध्ये जर्मनीला १२.५ कोटी डॉलर कर्ज देऊ केले. जेथे सरकार कर्जदार नव्हते, तेथे तो स्थानिक स्पर्धकाशी जुळवून घेई. ब्रिटनमध्ये ब्रायंट अँड मे ही जुनी व बलाढ्य कंपनी होती. तिच्याशी व्यर्थ झुंजण्याऐवजी १९२७ मध्ये दोन्ही पक्षांचे हितसंबंध ब्रिटिश मॅच कॉर्पोरेशन ह्या नव्या कंपनीत एकत्र करण्यात आले. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये क्रूगरचा गोळी लागून मृत्यू झाला. त्यानंतर हिशेबांतील फसवणूक उघडकीस आली आणि त्याने उभारलेला वित्तीय डोलारा कोसळला. स्वीडिश मॅच कंपनी मात्र पुनर्रचनेनंतर टिकली. कारण डोलाऱ्याखाली काड्यांचे खरे कारखाने होते व लोकांना चूल पेटवावयाची होतीच.

भारताकडे ह्या कंपनीचे लक्ष जकातीमुळे वळले. पहिल्या महायुद्धापर्यंत भारतात लागणाऱ्या बहुतेक आगकाड्या परदेशांतून येत. युद्धकाळात युरोपीय माल थांबला आणि जपानी मालाने बाजार व्यापला. युद्धोत्तर तूट भरून काढण्यासाठी सरकारने आगकाड्यांवरील आयात जकात वाढविली. १९२१ मध्ये ती दर ग्रोसला (१४४ पेट्यांना) १२ आणे, तर १९२२ मध्ये दीड रुपया झाली. दीड रुपयाच्या २८८ पया होतात. म्हणजे प्रत्येक पेटीवर २ पया जकात बसली. ज्या मालाची किंमत पैशांत मोजली जाते, त्याच्या बाबतीत हा बोजा प्रचंड होता. सरकारचा उद्देश महसूल मिळविण्याचा होता, उद्योग उभारण्याचा नव्हता. परंतु ह्या भिंतीच्या आड देशात कारखाने निघू लागले. आपला माल भिंतीवरून आत टाकणे महाग पडते, असे दिसताच स्वीडिश कंपनीने भिंतीच्या आतच कारखाना काढण्याचे ठरविले. १९२३ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली. हिच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘विम्को’ हे रूप पुढे घरोघरी परिचित झाले. अंबरनाथ येथे तिचा कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर बरेलीजवळील क्लटरबकगंज, कलकत्ता व मद्रास येथेही तिने कारखाने काढले; आसामात धुबडी येथे तिच्या परिवारातील आसाम मॅच कंपनीचा कारखाना होता.

अंबरनाथच्या कारखान्यात आरंभी अ‍ॅस्पेन झाडाचे परदेशी ओंडके मुंबई बंदरातून आणले जात. पुढे सावर व इतर देशी मऊ लाकडे आणि अंदमानातील पपिता हे लाकूड ह्यांचा उपयोग वाढला. ओंडका पात्यावर फिरवून सोलून त्याचा लांब पातळ पापुद्रा काढावयाचा, त्याच्या काड्या कातरावयाच्या, त्या मेणात व मग गुलात बुडवावयाच्या, वाळवून पेटीत भरावयाच्या व कडेस फॉस्फरसचा लेप द्यावयाचा, अशी ही प्रक्रिया आहे. स्वीडिश यंत्रांत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड चाले. ‘जहाज’ छापाची पेटी हे कंपनीचे सर्वांत परिचित उत्पादन होय. महाराष्ट्रातील खेड्यांत देवघरातील निरांजन व बिडीचे टोक एकाच जहाजाने पेटत, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्याच सुमारास दक्षिणेत शिवकाशी येथे एक अगदी वेगळा उद्योग आकार घेत होता. पी. अय्या नाडार व ए. षण्मुग नाडार हे दोन तरुण १९२२ मध्ये कलकत्त्यास जाऊन आगकाड्यांचे तंत्र शिकून आले आणि १९२३ मध्ये त्यांनी भागीदारीत कारखाना काढला. परदेशी यंत्रांचा मेळ बसला नाही, तेव्हा त्यांनी हातकामाची पद्धत स्वीकारली. काड्या लाकडी चौकटींत हातांनी रचावयाच्या, पेट्या घरोघरी चिकटवून घ्यावयाच्या व फक्त गुलात बुडविण्याचे काम कारखान्यात करावयाचे, असा तिचा आराखडा होता. पावसाची कमतरता, कोरडी हवा व शेतीत पुरेसे काम नसलेले लोक ह्या भागाला जणू ह्याच उद्योगासाठी घडवीत होते. १९२६ मध्ये दोघे भागीदार सामोपचाराने वेगळे झाले. एकाची ‘खार’ छाप व दुसऱ्याची ‘कावळा’ छाप, अशा दोन स्पर्धक पेट्या बाजारात आल्या. अंबरनाथचा इतिहास एकत्रीकरणाचा, तर शिवकाशीचा विभाजनाचा आहे. विभाजनाने शिवकाशीचे काही बिघडले नाही, उलट शाखा फुटत जाऊन तेथे व सातूर, कोविलपट्टी ह्या परिसरांत शेकडो कारखाने उभे राहिले.

भारत सरकारने १९२६ मध्ये आगकाडी उद्योगाच्या संरक्षणाचा प्रश्न जकात मंडळाकडे सोपविला. पदमजी जिनवाला हे मंडळाचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत, पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेले, जॉन मथाई होते. मंडळापुढील पेच आजही ओळखीचा वाटेल. संरक्षण देशी उद्योगास द्यावयाचे. पण देशी उद्योग कोणता? अंबरनाथचा कारखाना भारतीय भूमीवर होता, त्यातील मजूर कोकणातील व देशावरील होते, कर येथेच भरले जात. परंतु मालकी, यंत्रे व नफा स्वीडनचा होता. अशा कंपनीशी देशी कारखानदारांनी तडजोड करून बाजार वाटून घ्यावा, की सरकारने तिला रोखून धरावे? तडजोडीच्या बाजूने असे म्हणता येत होते, की भावयुद्धात लहान कारखाने बुडतील व नंतर विजेता मनाला येईल ती किंमत लावील, त्यापेक्षा समझोता बरा. विरोधी पक्षाचे म्हणणे असे, की एवढ्या मोठ्या सहकाऱ्याशी झालेला समझोता दोन–चार वर्षांत विलीनीकरणाचे रूप घेतो आणि स्वीडनमध्ये तसेच घडले होते. ह्या वादाचा निकाल तत्त्वाने लागला नाही. १९२८ च्या आगकाडी उद्योग (संरक्षण) अधिनियमाने महसुलासाठी बसविलेली जकात संरक्षक म्हणून कायम झाली. त्या जकातीने भिंतीच्या आतील परदेशी व देशी मालकीत भेद केला नाही.

प्रत्यक्षात ह्या दोन पक्षांमधील समतोल करांनी साधला. १९३४ मध्ये देशी उत्पादनावरही अबकारी कर बसला व पेटीवर कर भरल्याची पट्टी चिकटविणे आवश्यक झाले. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांचे उत्पादनाच्या आकारमानानुसार वर्ग पाडण्यात येऊन लहान उत्पादकांना कमी दराने कर लावण्यात आला. पुढे यंत्राने व हाताने केलेला माल असा भेद करण्यात आला. आगकाड्यांचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्याने मोठ्या कंपनीस विस्ताराची वाट बंद झाली. म्हणजे जे काम आपसांतील करार करू शकला असता, तेच काम राज्याने केले व बाजार वाटून दिला. त्यामुळे शिवकाशी तगली, एवढेच नव्हे तर तिने अंबरनाथला मागे टाकले. ह्या यशाची दुसरी बाजू डोळ्यांआड करता येत नाही. स्वस्त हातकामाच्या बळावर टिकलेल्या त्या उद्योगात बालमजुरांचे प्रमाण मोठे होते. १९८६ च्या बालकामगार कायद्याने आगकाड्यांचे उत्पादन लहान मुलांना वर्ज्य ठरविले आणि १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीसंबंधीच्या खटल्यात बालमजुरीविषयी व्यापक आदेश दिले. यंत्राशी चढाओढ करणाऱ्या हातकामाला करसवलतीचे छत्र मिळाले, पण त्या छत्राखाली कोणाचे हात राबत होते हे पाहण्यास राज्याने फार काळ घेतला.

मोठ्या उत्पादकापुढे मग एकच मार्ग उरला. काड्या स्वतः न बनविता लहान कारखान्यांकडून घ्यावयाच्या व आपल्या छापाने विकावयाच्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आयटीसी ह्या तंबाखू उद्योगातील कंपनीने ह्याच रीतीने आगकाड्यांच्या बाजारात प्रवेश केला. २००५ मध्ये तिच्या समूहाने स्वीडिश मॅचकडून विम्कोचे नियंत्रण घेतले. कालांतराने, २०१४ च्या सुमारास, यंत्रनिर्मितीचा विभाग वगळता विम्कोचा व्यवसाय आयटीसीत विलीन झाला. जे दोन पक्ष ऐंशी वर्षे प्रतिस्पर्धी म्हणून ओळखले गेले, ते अशा प्रकारे तिसऱ्याच्या वितरणजाळ्यात एकमेकांशेजारी आले. एप्रिल २०१५ मध्ये लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या वस्तूंच्या यादीतील अखेरच्या वीस वस्तू मुक्त झाल्या, त्यांत आगकाड्याही होत्या. लहान उत्पादकांच्या एकीचे उदाहरण त्यानंतर दिसते. २००७ मध्ये ५० पैशांवरून १ रुपया झालेली पेटीची किंमत १ डिसेंबर २०२१ पासून २ रुपये करण्याचा निर्णय ह्या उद्योगातील पाच संघटनांच्या प्रतिनिधींनी शिवकाशी येथे एकत्र बसून घेतला. तांबड्या फॉस्फरसपासून मेणापर्यंत सर्व जिन्नस महागले होते व चौदा वर्षे किंमत स्थिर होती, हे त्यामागील कारण होय.

अशा एकत्रित निर्णयाकडे कायदा कोणत्या दृष्टीने पाहतो, हे येथे सांगणे आवश्यक आहे. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमाच्या जागी २००२ चा स्पर्धा अधिनियम आला व त्याची अंमलबजावणी २००९ पासून होऊ लागली. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार, स्पर्धकांनी संगनमताने किंमत ठरविणे, उत्पादन मर्यादित करणे वा बाजारपेठ वाटून घेणे स्पर्धेस बाधक असल्याचे गृहीत धरले जाते. मात्र उत्पादन, पुरवठा वा सेवा ह्यांची कार्यक्षमता वाढविणाऱ्या संयुक्त उपक्रमांस हे गृहीतक लागू होत नाही. म्हणजे स्पर्धकांनी एकत्र यावे की नाही, असा प्रश्न कायदा विचारीत नाही, तर ते कशासाठी एकत्र आले आहेत, हे तो पाहतो. पेटीच्या किंमतीसारख्या बाबीत मात्र ही रेषा नेहमी ठळक नसते. शेकडो लहान कारखानदारांची एकी व एका महाकाय न्यासाची मक्तेदारी ही दोन्ही एकाच मापाने मोजावी काय, हे प्रस्तुत लेखकास शंकास्पद वाटते.

व्हिडिओ खेळांच्या गृहयंत्रांचा (कन्सोलचा) उद्योग वरवर पाहता आगकाडीच्या अगदी विरुद्ध टोकाचा. त्यात थोड्या कंपन्या, प्रचंड संशोधनखर्च व झपाट्याने जुने होणारे तंत्र असते. तरी भागीदारीचे प्रश्न तेच आहेत. निन्टेंडोचे आठ-बिट यंत्र १९८३ मध्ये जपानात आले; यंत्र स्वस्त विकावयाचे व त्यावर चालणाऱ्या खेळांच्या परवान्यांतून कमवावयाचे, ही रीत तिने दृढ केली. म्हणजे जहाजछाप पेटीतील फॉस्फरसची कडा येथे परवान्याच्या रूपाने अवतरली : काडी कोणाचीही असो, ती पेटविण्याची कडा आपल्या हाती असावी. १९८८ मध्ये निन्टेंडोने सोनी ह्या कंपनीशी आपल्या सोळा-बिट यंत्रास तबकडी-वाचक जोडण्याचा करार केला. तबकडीवरील खेळांचे परवाने कोणी द्यावयाचे ह्या मुद्द्यावर तो फिसकटला. जून १९९१ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात सोनीने आपल्या संयुक्त यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने डच फिलिप्स कंपनीशी हातमिळवणी जाहीर केली. दुखावलेल्या सोनीने स्वतंत्र यंत्र बनविण्याचे ठरविले व ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात प्लेस्टेशन विक्रीस आले. निन्टेंडोने भागीदार टाळला व त्याबदल्यात आपला सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी निर्माण केला.

सर्वांनी मिळून एकच प्रमाणित यंत्र बनवावे, ही कल्पनाही ह्या उद्योगात दोनदा अजमावली गेली. १९८३ च्या एमएसएक्स प्रमाणकाखाली सोनी, मात्सुशिता इ. कंपन्यांनी परस्परांशी जुळणारे घरगुती संगणक काढले. जपानात त्यांस बरा प्रतिसाद मिळाला, अमेरिकेत ते रुजले नाहीत. १९९३ मध्ये थ्रीडीओ नावाचे यंत्र परवान्याने अनेक उत्पादकांकडे देण्यात आले. ह्या उत्पादकांना खेळांच्या विक्रीतून मिळकत नव्हती, म्हणून त्यांना सर्व नफा यंत्रावरच काढावा लागला. पॅनासोनिकच्या यंत्राची किंमत ६९९ डॉलर ठेवावी लागली व ते महागडे म्हणून मागे पडले. याउलट, ज्या भागावर कोणाचाच नफा अवलंबून नव्हता, तेथे सहकार्य यशस्वी झाले. १९९५ मध्ये सोनी-फिलिप्स व तोशिबा ह्यांच्या गटांनी आपापल्या तबकड्यांचे वाद मिटवून डीव्हीडी हे एकच प्रमाणक मान्य केले. मे २०१९ मध्ये सोनी व मायक्रोसॉफ्ट ह्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी दूरस्थ संगणकांवरून खेळ पोहोचविण्याच्या तंत्रासाठी सहकार्याचा सामंजस्य करार केला. यंत्रे, खेळ व ग्राहक मात्र वेगळेच राहिले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सोनीने काही खेळांत इतर यंत्रांवरील खेळाडूंशी एकत्र खेळण्यास मुभा दिली, ती खेळाडूंच्या दीर्घ आग्रहानंतर. भारतीय बाजारांत १९९० नंतरच्या दशकात हे सारे वाद दूरच राहिले. येथे जी यंत्रे घराघरांत पोहोचली, ती बव्हंशी निन्टेंडोच्या आठ-बिट यंत्राच्या अनधिकृत नकला होत्या. परवाना कोणाचा, ह्याची चिंता विक्रेत्यास वा मुलास नव्हती.

अंबरनाथ–बदलापूर परिसरात स्पर्धकांच्या भागीदारीचा आणखी एक प्रयोग झाला आणि त्याचा संबंध बाजाराशी नसून पाण्याशी आहे. औद्योगिक वसाहतींतील रसायने व रंग बनविणाऱ्या लहान कारखान्यांना स्वतंत्र सांडपाणी-शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही. म्हणून एकमेकांचे ग्राहक पळविणाऱ्या ह्या कारखानदारांनी सामायिक शुद्धीकरण केंद्रे उभारली. प्रत्येकाने आपले सांडपाणी ठरलेल्या मर्यादेपर्यंत स्वतः शुद्ध करून केंद्राकडे पाठवावे व खर्च वाटून घ्यावा, अशी ही योजना आहे. तिची कमजोरी तिच्या रचनेतच आहे. प्रक्रियेचा खर्च जो टाळतो, त्याचा माल स्वस्त पडतो. आणि केंद्रात सर्वांचे पाणी मिसळल्यावर दोष कोणाचा, हे सांगता येत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर टँकरमधून वालधुनीत गुपचूप सोडलेल्या रसायनांतून उठलेल्या वायूने उल्हासनगरमधील वस्तीत शेकडो रहिवासी अत्यवस्थ झाले. ते ना भागीदार होते ना स्पर्धक. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने उल्हास व वालधुनी ह्या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल परिसरातील सामायिक केंद्रे व नागरी संस्था ह्यांना भरपाईचे आदेश दिले. भागीदारीचा लाभ कारखानदारांत वाटला गेला होता. तिच्या अपयशाची किंमत खालच्या अंगास राहणाऱ्यांनी मोजली.

आगकाडी उद्योगातही असाच एक वगळलेला पक्ष होता, तो लाकूड पुरविणारा शेतकरी. त्याच्याबाबत मात्र विम्कोने १९८० नंतरच्या दशकात वेगळा मार्ग काढला. उत्तर भारतात तराईच्या पट्ट्यात कंपनीने शेतकऱ्यांना पॉप्लरची रोपे व तंत्र पुरविले. बँकांची कर्जे मिळवून दिली व तयार लाकूड ठरल्या भावाने घेण्याची हमी दिली. सावरीच्या आटत चाललेल्या जंगलांवरचा भार त्यामुळे कमी झाला आणि शेताच्या बांधावरील पॉप्लर हे त्या प्रदेशाचे नेहमीचे दृश्य बनले. ही झाडे पुढे प्लायवूडच्या कारखान्यांनी आगकाडीहून अधिक भाव देऊन उचलली व शेतकऱ्यांनी ती तिकडे विकली. अंबरनाथच्या पश्चिमेस ज्या चौकात कामगार पाळी सुटल्यावर गर्दी करीत, त्यास लोक अजून विम्को नाका म्हणतात.